वीस वर्षे पूर्ण करणाऱ्या वैमानिकाला तारीख द्या

प्रति,
एअर ऑफिसर-इन-चार्ज पर्सोनेल, हवाई दल मुख्यालय, वायू भवन, नवी दिल्ली
आणि
महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

विषय : हवाई दल सोडून विमान कंपनीत जाऊ इच्छिणाऱ्या वैमानिकांची मुदतपूर्व सेवामुक्ती

महोदय,

मला १९९६ साली दुंडीगल येथे हवाई दलाच्या उड्डाण शाखेत कमिशन मिळाले. त्यानंतर एकवीस वर्षे मी मालवाहू विमाने, त्यातही मुख्यतः एएन-३२ उडवले, तांबरमच्या फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूलमधून प्रशिक्षक झालो आणि २०१७ साली विंग कमांडर असताना स्वेच्छेने सेवामुक्ती घेतली. आज मी प्रवासी विमानाचा कॅप्टन आहे. माझा अर्ज रीतसर मंजूर झाला होता आणि माझी स्वतःची कोणाविरुद्धही तक्रार नाही. हे पत्र लिहावेसे वाटले ते मला येणाऱ्या फोनमुळे. दर वर्षी पाच-सहा तरी जुने सहकारी, कधी माझेच विद्यार्थी, रात्री उशिरा फोन करतात, घरच्यांची चौकशी करतात, हवापाण्याचे बोलतात आणि शेवटी आवाज खाली आणून विचारतात, "सर, पेपर टाकू का?", म्हणजे सेवामुक्तीचा अर्ज करू का. या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही, कारण ते ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट, म्हणजे सेवेतून मोकळे होण्याची तारीख, विचारणाऱ्यालाही ठाऊक नसते. ती गोष्ट आपल्या दोन्ही कार्यालयांच्या हातात आहे, म्हणून आपणा दोघांना एकत्र लिहीत आहे.

बाहेरच्या माणसाला हा निर्णय पगाराचा वाटतो. पगारातला फरक कोणापासून लपलेला नाही आणि तो महत्त्वाचा नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची खरेदी जाहीर केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा देशातल्या प्रत्येक स्क्वाड्रनच्या क्रू रूममध्ये त्या बातम्या वाचल्या गेल्या असणार. परंतु ज्यांना मी जवळून ओळखतो त्यांपैकी केवळ पैशासाठी निघालेला माणूस मला क्वचितच भेटला. बहुतेकांच्या बाबतीत निर्णयाची सुरुवात उड्डाण कमी होण्यापासून होते. सैन्याधिकाऱ्यांच्या बढत्यांबाबतच्या अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशींनंतर तेरा वर्षांच्या सेवेत विंग कमांडर पद मिळू लागले. ते चांगलेच झाले, पण त्यापुढच्या ग्रुप कॅप्टन पदासाठीचा निवड बोर्ड हा अरुंद दरवाजाच राहिला. जो बोर्डात बसला नाही त्याला चाळिशीतच कळते की यापुढे आपल्या वाट्याला फायली जास्त आणि विमान कमी येणार. वयाच्या एकविसाव्या वर्षापासून ज्याने दुसरे काहीही केलेले नाही, ज्याची ओळख स्वतःच्या मनातही वैमानिक हीच आहे, त्याने अशा वेळी पासष्टाव्या वर्षापर्यंत उडता येईल अशा जागेकडे पाहिले, तर त्याला पैशाच्या मागे गेला असे म्हणू नये.

याच सुमारास घरही बोलू लागते. माझ्या मुलीने दहावीपर्यंत सात शाळा बदलल्या. पत्नीने दोनदा नोकरी सोडली आणि तिसऱ्यांदा धरलीच नाही. नाशिकला आईचे गुडघे गेले होते आणि मी जोरहाटला होतो. यातले काहीही हवाई दलाने माझ्यापासून लपवून ठेवले नव्हते. छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्थेत पाऊल टाकले त्या दिवसापासून हे आम्हाला सांगितले गेले होते आणि आम्ही ते मान्य करूनच खडकवासल्याला गेलो. पण सोळाव्या वर्षी मान्य केलेली गोष्ट बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा एकदा सगळ्या कुटुंबाने बसून तपासणे, यात मला काही गैर दिसत नाही.

आमच्या घरी ती तपासणी जेवणाच्या टेबलावर झाली. मुलगी झोपल्यावर मी लॉगबुके काढायचो. हवाई दलाच्या लॉगबुकातले तास नागरी परवान्याच्या रकान्यांत बसवावे लागतात : कॅप्टन म्हणून किती, सहवैमानिक म्हणून किती, दिवसाचे किती, रात्रीचे किती, केवळ उपकरणांवर किती. पत्नी ओळ वाचायची आणि मी रकाना भरायचो. जून १९९९ च्या पानावर ती थांबली. चंदीगड-लेह, लेह-चंदीगड, पुन्हा चंदीगड-लेह, अशा ओळींमागून ओळी होत्या आणि महिन्याच्या शेवटी फ्लाइट कमांडरची सही होती. "हे सगळे दिवसाचे कॅप्टनच्या रकान्यात घालू?" तिने विचारले. मी त्या वेळी कॅप्टन नव्हतो, उजव्या खुर्चीत होतो, म्हणून ते सहवैमानिकाच्या रकान्यात गेले. कारगिलचा उन्हाळा नागरी फॉर्मच्या एका चौकोनात दोन आकडी संख्या होऊन बसला. त्या रात्री आम्ही पुढची पाने भरली नाहीत.

अर्ज मी २०१६ च्या जुलैमध्ये लिहून ठेवला होता. २२ जुलैला तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेले एएन-३२ बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झाले. त्यात एकोणतीस जण होते. ज्या विमानावर मी आयुष्य काढले तेच विमान आणि ज्या तळावर मी शिकवायला शिकलो तोच तळ. शोधाचे दिवस लांबत गेले तसे आईचे फोन वाढले. तिला वाटत होते की आता तरी मी सोडीन. माझे उलट झाले. ज्या आठवड्यात आपल्या जोडीदारांचा पत्ता लागत नाही त्या आठवड्यात आपला अर्ज वरिष्ठांच्या टेबलावर जावा हे मला सहन होईना, आणि तो कागद चार महिने खणात पडून राहिला. त्या विमानाचे अवशेष समुद्रतळाशी सुमारे ३४०० मीटर खोलीवर सापडल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा मी एका विमानतळावर पुढच्या उड्डाणाची वाट पाहत बसलो होतो. हे सांगण्याचे कारण इतकेच की निघून जाणारा माणूस मनाने आधीच गेलेला असतो असे आपल्या कार्यालयात कोणी मानत असेल तर ते खरे नाही.

आता मुद्द्यावर येतो. सेवामुक्तीचा अर्ज मंजूर करायचा की नाही हे हवाई दलाच्या गरजेवरून ठरते आणि तसेच ठरले पाहिजे. मंजूर लढाऊ स्क्वाड्रन बेचाळीस असताना, सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर त्यांची संख्या एकोणतीसवर आली. अशा काळात अनुभवी वैमानिक सहज सोडून द्यावेत असे मी म्हणणार नाही. हवाई दलात दाखल झालेल्याला मनाला येईल तेव्हा निघून जाण्याचा निरपवाद हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे आणि मला ते पटते. माझे म्हणणे वेगळे आहे. आपण "नाही" म्हणू शकता, "अजून तीन वर्षांनी" म्हणू शकता. पण जे काही असेल ते वेळेवर आणि तारखेसह सांगावे. आज वैमानिकाला सर्वांत जास्त पोखरते ती अनिश्चितता.

या अनिश्चिततेचा हिशेब मांडून दाखवतो. विमान कंपनीत ज्येष्ठता रुजू होण्याच्या तारखेवरून ठरते. कॅप्टनपद, रजा, तळ, हे सारे त्या यादीवर चालते. भरतीच्या लाटेत सहा महिने उशिरा पोहोचलेला माणूस शेकडो नावांच्या मागे जातो आणि ते अंतर निवृत्तीपर्यंत भरून निघत नाही. उलट बाजूने पाहिले तर भरती ओसरते तेव्हा ती एका रात्रीत ओसरते : जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, गो फर्स्टची मे २०२३ मध्ये, आणि मधल्या कोविडच्या काळात कित्येक वैमानिक बिनपगारी घरी बसले. परवाना, उपकरण उड्डाणाची चाचणी, वैद्यकीय तपासणी या प्रत्येकाला आपापली मुदत असते. ज्याला आपण मोकळे कधी होणार हे माहीत नाही, त्याने परीक्षा कधी द्यायची, टाइप रेटिंगसाठी, म्हणजे विशिष्ट जातीचे विमान उडवण्याच्या पात्रतेसाठी, लाखांचे कर्ज कधी काढायचे, मुलाला अकरावीत कोणत्या शहरात घालायचे? तो मग अंदाजाने चालतो. वीस वर्षे पूर्ण होताच पेन्शनचा हक्क येतो म्हणून, मनाची तयारी नसतानाही, "आत्ता नाही तर कधीच नाही" या धास्तीने अर्ज करतो. माझ्या ओळखीतल्या निदान तिघांनी असे केले आणि तिघेही मला नंतर म्हणाले की अजून चार वर्षे उडायला मिळतील एवढे कोणी खात्रीने सांगितले असते तर ते थांबले असते. म्हणजे आपण तारीख देत नाही म्हणून माणसे थांबतात हा समज असेल तर तो उलटा ठरतो आहे.

शिवाय हे सगळे लपूनछपून करावे लागते. परीक्षेची पुस्तके कव्हर घालून ठेवायची, कोर्समेटलाही सांगायचे नाही, कारण बातमी फुटली तर पुढचा कोर्स किंवा पोस्टिंग हातचे जाईल ही भीती. ती भीती खरी असो वा नसो, ज्या क्रूने एकमेकांच्या शब्दावर जीव टाकायचा त्यांच्यात हे मौन चांगले नाही. अरुणाचलातल्या दरीतल्या धावपट्टीवर उतरताना एक जागा येते, जिच्यापुढे विमान पुन्हा वर उचलून फेरी मारता येत नाही. तिथे नॅव्हिगेटर, इंजिनिअर आणि दोन्ही वैमानिक यांनी एकमेकांना सर्व काही सांगितलेले असावे लागते. त्याच माणसांनी आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय एकमेकांपासून लपवावा, हे मला तेव्हाही बोचत होते.

विशेष म्हणजे जिथे तो जाऊ पाहतो तिथे याच गोष्टीचा नियम आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) २०१७ साली घातलेल्या नियमानुसार कंपनी सोडू इच्छिणाऱ्या कॅप्टनने एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची सूचना द्यावी लागते. वैमानिकांच्या संघटनांना ती मुदत जाचक वाटते. परंतु ती मुदत ठरलेली आहे. आज पत्र दिले तर मोकळे होण्याचा दिवस दिनदर्शिकेवर दाखवता येतो. माझी मागणी तेवढीच आहे. प्रत्येक वैमानिकाला सेवेच्या अठराव्या वर्षी बोलावून लेखी सांगावे की पुढच्या पाच वर्षांत त्याच्याकडून किती आणि कोणत्या विमानावर उड्डाण अपेक्षित आहे, बोर्डात त्याची जागा साधारण कुठे आहे आणि त्याने मागितल्यास त्याला सर्वांत लवकर कोणत्या महिन्यात सोडता येईल. तो महिना दोन वर्षे पुढचा असला तरी चालेल. युद्ध किंवा आणीबाणी सोडून तो बदलू नये. त्यानंतर आलेल्या अर्जावर नव्वद दिवसांत निर्णय व्हावा, आणि नकार असेल तर त्याचे कारण व पुन्हा अर्ज करण्याची तारीख त्या निर्णयातच असावी. यासाठी कायद्यात बदल लागत नाही, आपल्या विभागाचा एक आदेश पुरेसा आहे.

त्याच बैठकीत त्याला पैशाचेही खरे चित्र दाखवावे. ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशाने समान पद समान पेन्शनचा लाभ यापुढे स्वतःहून मुदतपूर्व निवृत्ती घेणाऱ्यांना लागू राहिला नाही. मी ते समजून निघालो, पण अर्ज केल्यानंतर हे कळलेले अधिकारी मला भेटले आहेत. विमान कंपनीतही त्याला काय मिळणार नाही ते कोणीतरी सांगायला हवे. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी उजव्या खुर्चीत बसलो तेव्हा डावीकडचा कॅप्टन एकोणतीस वर्षांचा होता. तो उत्तम वैमानिक होता आणि मी त्याच्याकडून पुष्कळ शिकलो, परंतु वीस वर्षे आदेश देण्याची सवय मोडायला मला वर्ष लागले. रात्री दोनला उठून चारला उड्डाण, सहकारी दर वेळी नवा, काम संपले की प्रत्येक जण आपापल्या गाडीने घरी. थकव्याचे प्रश्न तिथेही आहेत : आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीची लँडिंग कमी करणारे नवे नियम पूर्णपणे लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या प्रमाणावर रद्द झाली, ते सर्वांनी पाहिले. स्क्वाड्रनमध्ये कोणाच्या घरी आजारपण असले तर तीन घरांतून डबा यायचा. हे ऐकून काही जण थांबतील, काही तरीही जातील. दोघांचाही निर्णय तेव्हा त्यांचा स्वतःचा असेल.

महासंचालक महोदय, आपल्याकडे माझी विनंती थोडी वेगळी आहे. सैनिकी तासांची तपासणी, परीक्षा आणि वैद्यकीय यांची प्रक्रिया वैमानिक सेवेत असतानाच, सेवामुक्तीच्या ठरलेल्या तारखेआधीच्या एका वर्षात उघडपणे पूर्ण करता यावी. एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्यासाठी पंधराशे तास लागतात. मालवाहू विमानाच्या वैमानिकाला ते सहज जमतात. लढाऊ विमानाचे उड्डाण बहुधा तासाभराचे असते आणि त्या तासात तो जे करतो त्याची तुलना सपाट उंचीवर काढलेल्या तासाशी होऊ शकत नाही. अमेरिकेने हे ओळखून सैनिकी वैमानिकांसाठी मर्यादित स्वरूपाचा परवाना ७५० तासांवर देऊ केला आहे. आपल्याकडे तसेच करा असा आग्रह मी धरणार नाही, पण विचार तरी व्हावा. हेलिकॉप्टरवाल्यांची स्थिती सर्वांत बिकट आहे. सियाचीनच्या हेलिपॅडवर एका इंजिनाचे चीता हेलिकॉप्टर उतरवणाऱ्याचे तास विमानाच्या परवान्यासाठी जवळजवळ शून्यात जमा होतात, आणि जुहूहून मुंबई हायला जाणाऱ्या हेलिकॉप्टरांवर दोन इंजिनांचा अनुभव मागितला जातो. या माणसांना कोणत्या मार्गाने जायचे हे दाखवणारा एक कागदही त्यांच्या हाती नसतो. चौदा वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिसवर असलेल्यांना, ज्यांत १९९४ पासून उड्डाण शाखेत आलेल्या महिला आहेत, तर थांबायचे की जायचे हा पर्यायच नाही, पेन्शनही नाही. त्यांच्या निघण्याची तारीख पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, मग निदान त्यांचे परवान्याचे काम शेवटच्या वर्षात नोकरीचा भाग म्हणून का होऊ नये?

एअर मार्शल महोदय, मी गेल्याने जी पोकळी झाली ती मला ठाऊक आहे. वीस वर्षांनी निघणारा माणूस हा नुसता वैमानिक नसतो. तो प्रशिक्षक असतो, परीक्षक असतो, नव्या कॅप्टनला ढगात शिरण्याआधी "आज नको, परत फिर" म्हणणारा असतो. नवे विमान विकत घेता येते, वडोदऱ्याला मालवाहू सी-२९५ बांधले जाईल, पण तो आवाज तयार व्हायला दीड तप लागते. म्हणूनच निघणाऱ्याशी सगळे नाते एका दिवसात तोडणे मला उधळपट्टी वाटते. शेवटच्या दिवशी ओळखपत्र जमा केले की हवाई दलाने त्याला पुन्हा कधी विचारायचे नाही आणि त्याने पुन्हा कधी यायचे नाही, असे का असावे? राखीव आणि सहायक हवाई दलाचा कायदा संसदेने १९५२ सालीच केलेला आहे. अमेरिकेत नॅशनल गार्ड आणि राखीव दलांतले कित्येक वैमानिक एरवी प्रवासी विमाने उडवतात आणि ठरलेले दिवस गणवेशात येतात.

आपल्या देशात तर या दोन पेशांचा जन्मच सात दिवसांच्या अंतराने झाला. हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची, आणि १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. तिथून पुढे मद्रासपर्यंत ते टपाल नेणारे नेव्हिल व्हिंटसेंट हे ब्रिटनच्या हवाई दलातून बाहेर पडलेले वैमानिक होते. म्हणजे टाटांच्या त्या विमानसेवेच्या पहिल्याच दिवशी सैनिकी वैमानिक त्या खुर्चीत बसलेला होता. ही वाट जुनी आहे, ती चोरवाट असू नये.

शेवटी माझ्यापुरते सांगतो. माझे प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र आणि त्या काळच्या शेऱ्यांची फाइल माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. वर्षाला माझ्या वाट्याला येणाऱ्या रजेतले तीन आठवडे मी बंगळूरजवळच्या येलहंका तळावर येऊन ग्राउंड स्कूल आणि सिम्युलेटरवर शिकवायला तयार आहे. मानधन नको, राहण्याची खोली आणि मेसचे जेवण पुरे. माझ्याबरोबर सेवामुक्त झालेल्या चौघांना मी विचारले आणि चौघांनीही होकार दिला आहे. आपल्या विभागाकडून पत्र आले तर मी पुढच्या वर्षीच्या रजेचा अर्ज त्याप्रमाणे भरीन. आमच्याकडे तो ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत द्यावा लागतो.

आपला नम्र,
एक निवृत्त विंग कमांडर
नाशिक